दुकानासाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडताय? आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून छोटे दुकानदार, वर्कशॉपवाले, क्लासेसवाले सगळ्यांचा एकच प्रश्न चालू आहे, की आमचा पीसी तर व्यवस्थित चालतोय मग हार्डवेअरवाला नवीन घ्या का म्हणतोय? त्याचं अगदीच खोटं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते आणि प्रोसेसर पण साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा नंतरचा लागतो, त्यामुळे २०१५-१६ ला घेतलेली चांगली चालणारी मशीन सुद्धा त्यात बसत नाहीत. विंडोज १० लगेच बंद पडत नाही हे खरं, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं, आणि ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन, जीएसटीचं लॉगिन आणि सगळ्या पार्ट्यांचा हिशेब आहे ते मशीन तसंच चालवत राहणं बरोबर नाही.

मग सल्ले सुरू होतात. एकजण सांगतो विंडोजच्या जागी लिनक्स टाका सगळं फुकट आहे, दुसरा सांगतो झोहो घ्या आपल्या देशाचं आहे, तिसरा पेनड्राइव्हवर क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, ऑफिस आणून टाकून देतो आणि पाचशे रुपये घेऊन जातो. ऐकणाऱ्याला वाटतं तिन्ही म्हणजे पैसे वाचवायचेच प्रकार. पण या तीन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत आणि धंद्यासाठी निवडताना हा फरक माहीत असायलाच पाहिजे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय

सॉफ्टवेअर मुक्त आहे की नाही हे किमतीवरून ठरत नाही, लायसन्सवरून ठरतं. लायसन्स म्हणजे आपण न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो तो करार. मुक्त सॉफ्टवेअरच्या करारात तुम्हाला चार हक्क मिळतात, कुठल्याही कामासाठी वापरा (धंदा आला त्यात), आत काय चाललंय ते बघा, हवं तसं बदला, आणि मूळ किंवा बदललेली कॉपी दुसऱ्याला द्या. आत बघायचं म्हणजे सोर्स कोड बघायचा, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. ही चळवळ १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केली, १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं आणि आज जगातल्या बहुतेक वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात तिथे हेच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात पण लिनक्सच आहे. फायरफॉक्स, व्हीएलसी, सेव्हन-झिप हे तुम्ही कधी ना कधी वापरलं असेल, ते सगळं मुक्त.

आता फुकट पण बंद, म्हणजे हे चार हक्क न देणारा, असा एक मोठा गट आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे पण मुक्त नाही, त्याचे नियम उद्या बदलले तर तुम्हाला मान्य करावेच लागतील. आणि यात एक गोष्ट हमखास चुकते, बरीच फुकट सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात. एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर, त्याची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरापुरती आहे, दुकानातल्या मशीनवर रोज सपोर्टसाठी वापरायची तर लायसन्स घ्यावं लागतं. त्याच कामासाठी रस्टडेस्क नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते दुकानात वापरा, गोडाऊनमध्ये वापरा, दहा मशीनवर टाका, कुणाला विचारायची गरज नाही.

आणि झोहो, टॅली ही भारतीय कंपन्यांची चांगली उत्पादनं आहेत, पण तीही बंद सॉफ्टवेअरच. बंद म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये. कुठला देश हा एक प्रश्न आणि तुमच्या हातात काय राहतं हा दुसरा, दोन्हीची सरमिसळ करू नका एवढंच.

आणि तो पेनड्राइव्हवाला?

त्याचं थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब आहे, त्यात माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्टाला कैद न देण्याची मुभा आहे, म्हणजे सवलत घरच्या वापराला आहे, दुकानाला नाही. शिवाय क्रॅक चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्या क्रॅकमध्ये अजून काय काय आलंय ते तुम्हाला पण माहीत नसतं आणि त्यालाही. मुक्त सॉफ्टवेअर असताना हा धोका पत्करायचं काहीच कारण उरलेलं नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

निवडताना पहिला प्रश्न: सोडायचं झालं तर?

बहुतेक लोक सॉफ्टवेअर घेताना बघतात काय काय फीचर आहेत. मी आधी हे बघतो की दोन वर्षांनी सोडायचं ठरलं तर माझा डेटा मला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर येईल का. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी मोडीत वह्या लिहायचे, दिवाणजी गेले की वही घरात, कपाट घरचं, चावी घरची, पण घरात वाचता येणारं कुणी नाही. बंद फाइल फॉरमॅटचं असंच होतं. फाइल तुमच्या हार्डडिस्कवर असते पण उघडायचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हातात असतं, आणि त्याने वर्षाची फी वाढवली की तुम्ही गपचूप भरता कारण मागचे सगळे हिशेब त्यात आहेत.

हा प्रश्न नुसता तत्त्वाचा नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची शेवटची तारीख उलटल्यापासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, हिशेबाची कागदपत्रं सांभाळायची असतात. आज बिलं ज्या अ‍ॅपमध्ये करताय ते सहा वर्षांनी असेल का? असलं तरी तुमचा प्लॅन चालू नसेल तर जुनी बिलं दिसतील का? हे विकत घ्यायच्या आधी विचारायचं, सोडताना नाही.

आणि नुसतं एक्सपोर्टचं बटण आहे म्हणून समाधान मानू नका, एकदा दाबून बघा. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. बिलिंगच्या प्रोग्राममधून त्याने मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढली, सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम टाकून लिहिलेली साधी यादी जी कुठलंही सॉफ्टवेअर वाचू शकतं, आणि डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. हळदीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाला ठरलेला क्रमांक, ०९१०३० असा शून्यापासून सुरू होतो, एक्सेलला वाटलं हा आकडा आहे म्हणून पुढचं शून्य उडालं आणि ९१०३० झालं. मराठीत लिहिलेली पार्ट्यांची नावं असतील तर तिथे भलतीच चिन्हं दिसू शकतात. आता हीच फाइल सेव्ह करून नवीन सॉफ्टवेअरमध्ये भरली की सगळ्या मालाचा कोड चुकीचा. लिब्रेऑफिस हे एमएस ऑफिससारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या कॅल्कमध्ये, म्हणजे त्याच्या एक्सेलमध्ये, तीच सीएसव्ही उघडताना आधी एक खिडकी येते, तिथे वर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवायचा आणि खाली एचएसएनच्या कॉलमवर क्लिक करून त्याचा प्रकार टेक्स्ट करायचा, की शून्य पण राहतं आणि नावं पण नीट येतात. एवढ्याशा गोष्टीवर डेटा जातो किंवा वाचतो.

दुसरा प्रश्न: ते अजून जिवंत आहे का

मुक्त सॉफ्टवेअर भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं कुणी सांभाळत नाही. शेवटची मोठी आवृत्ती कधी आली हे बघायचं, एवढं केलं तरी निम्मी चाळणी होते. उत्तम उदाहरण ओपनऑफिसचं आहे. पूर्वी एमएस ऑफिसला पर्याय म्हटलं की हेच नाव यायचं आणि अजूनही बरेच लोक तेच डाउनलोड करतात, पण त्याची ४.१ ही आवृत्ती २०१४ ला आली आणि त्यानंतर ४.१.१, ४.१.२ अशा किरकोळ दुरुस्त्याच येत राहिल्या. त्याच कोडमधून २०१० मध्ये वेगळं निघालेलं लिब्रेऑफिस मात्र वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या काढतं. म्हणजे नाव ओळखीचं आहे म्हणून जुनं घेऊ नका, लिब्रेऑफिस घ्या.

डाउनलोड करताना अजून एक काळजी. सर्चमध्ये सगळ्यात वर येते ती कधीकधी जाहिरात असते आणि व्हीएलसी, जिम्प अशा प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने नकली साइट चालवल्या जातात. मूळ साइटवरूनच घ्या, आणि कुठे पैसे मागितले किंवा टूलबार टाकायला सांगितलं तर तिथून निघा.

ऑफिसचं काम: इथून सुरुवात करा

पत्र, कोटेशन, रेटशीट, पगारपत्रक एवढ्या कामाला लिब्रेऑफिस पुरतं. ते विंडोजवरच टाकता येतं, लिनक्सवर जायची गरज नाही, आणि मी तर म्हणेन आधी विंडोजवरच महिनाभर वापरून बघा, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली की बिघडलं कुठे ते कळतं.

अडचणी येतात त्या ठरलेल्या आहेत. एमएस ऑफिसमध्ये बनवलेलं कोटेशन उघडलं की खालची सही आणि जीएसटी नंबरची ओळ दुसऱ्या पानावर गेलेली दिसते आणि लोक म्हणतात हे सॉफ्टवेअर बेकार आहे. कारण बऱ्याच वेळा फाँट असतं. मूळ फाइल कॅलिब्रीमध्ये आहे, तुमच्या नवीन मशीनवर कॅलिब्री नाही, त्याजागी दुसरा फाँट आला आणि अक्षरांची रुंदी बदलली. कार्लिटो नावाचा मुक्त फाँट कॅलिब्रीच्याच मापाचा आहे, तो टाकला की इंग्रजी मजकुराच्या ओळी जागेवर येतात. मराठी मजकूर मंगल फाँटमध्ये असेल तर ओळींची उंची थोडी बदलतेच, तिथे एकदा हाताने बसवून आपला नमुना तयार करून ठेवायचा. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा, समोरच्याकडे काय आहे याची काळजीच नको.

मॅक्रो ही खरी अडचण. मॅक्रो म्हणजे एक्सेलमध्ये बटण दाबलं की आपोआप होणारी कामं. कुणी तुम्हाला पगाराची किंवा स्टॉकची मॅक्रोवाली शीट करून दिली असेल तर ती लिब्रेऑफिसमध्ये पूर्ण चालेल याची खात्री धरू नका, काही चालतात काही नाही. अशी एकच शीट असेल तर त्या एका मशीनवर एमएस ऑफिस विकत घेऊन ठेवा आणि बाकीच्या मशीनवर लिब्रेऑफिस, यात काही कमीपणा नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर: इथे घाई नको

हा सगळ्यात नाजूक भाग. आपल्याकडे हिशेब दुकानदार एकटा ठेवत नाही, सीए किंवा टॅक्सवाले असतात आणि त्यांच्या ऑफिसात बहुधा टॅली असतं. तुम्ही कितीही चांगलं मुक्त सॉफ्टवेअर निवडलंत आणि सीएच्या ऑफिसातल्या माणसाला सगळ्या एन्ट्र्या परत टॅलीत मारायला लागल्या तर तो खर्च कुठेतरी तुमच्याच बिलात येणार.

ग्नूकॅश जुनं आणि पक्कं आहे, डबल एन्ट्रीचा हिशेब व्यवस्थित ठेवतं, पण आपल्या जीएसटीची रिटर्न त्यातून तयार होऊन येत नाहीत. सेवा देणारा एकटा माणूस, ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नंबर नाही, त्याला ते छान आहे. त्याच्या वर गेलात की ईआरपीनेक्स्ट बघायला हवं, हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि जगभर वापरलं जातं, खरेदी विक्री स्टॉक पगार उत्पादन सगळं एकात येतं, आणि इंडिया कंप्लायन्स नावाचं जोड-अ‍ॅप टाकलं की ई-वे बिल, ई-इन्व्हॉइसची सोय होते. वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, त्यांना ही सोय लागणारच.

पण ईआरपीनेक्स्ट हे सेटअप फाइल डबल क्लिक करून टाकायचं सॉफ्टवेअर नाही. त्याला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, सुरुवातीला बसवून देणारा माणूस लागतो. लायसन्सचे पैसे शून्य, बाकीचे पैसे आहेत. दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप असेल, जॉबवर्क येतं जातं, कच्चा माल किती उरला ते रोज बघावं लागतं, तिथे हा खर्च वसूल होतो. नवरा-बायको दोघं चालवतात त्या स्टेशनरीच्या दुकानात नाही होत.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात कुणी कधी कुठली एन्ट्री बदलली याची नोंद आपोआप राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. म्हणजे कंपनी असताना सगळा हिशेब कॅल्कच्या शीटवर ठेवणं चालणार नाही. एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला हा नियम नाही. तरी सॉफ्टवेअर बदलायच्या आधी सीएला एक फोन कराच, त्यांना कुठल्या स्वरूपात डेटा दिला तर चालेल हे विचारा, उत्तर ऐकून मग ठरवा.

माझं मत विचाराल तर छोट्या दुकानाने टॅली किंवा जे काही चालू आहे ते हिशेबापुरतं राहू द्यावं, दर महिन्याला लेजर आणि बिलांची यादी एक्सेल किंवा सीएसव्हीत आणि पीडीएफमध्ये काढून वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि बाकी सगळं मुक्त करावं. सगळंच मुक्त झालं पाहिजे असा हट्ट धरणारे पहिल्या अडचणीला सगळंच सोडून परत क्रॅककडे जातात.

पत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स

छपाईवाल्यांचं वेगळं आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं मराठी कामं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये झालीत, त्यात अक्षर युनिकोड नसतं, फाँट काढला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. इंकस्केप, स्क्राइबस ही मुक्त सॉफ्टवेअर युनिकोड मराठी चांगली हाताळतात, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्यांचा मुक्त परवान्याचा 'मुक्त' नावाचा फाँट आणि गूगलचा नोटो देवनागरी दोन्ही छापायला सुंदर दिसतात. पण कोरल या डिझाइनच्या बंद सॉफ्टवेअरच्या जुन्या हजारो फाइल सांभाळायच्या असतील तर त्या इंकस्केपमध्ये जशाच्या तशा येतील अशी आशा ठेवू नका. नवीन कामं युनिकोडमध्ये सुरू करा, जुनं जुन्यात राहू द्या, हळूहळू जुन्याची गरज कमी होत जाते.

कोड सगळ्यांना दिसतो, मग हॅकरलाही दिसतो ना?

दिसतो. मार्च २०२४ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक्सझेड नावाचं फाइल दाबून छोटी करणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर सगळीकडे असतं. कुणीतरी दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून त्यात विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदत खोदत जाऊन ते उघडं पाडलं, कारण कोड त्याला बघता येत होता. बहुतेकांच्या मशीनवर पोचायच्या आधी ते थांबलं. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घाण येऊच शकत नाही असं नाही, पण आली तर बाहेरच्या माणसाला सुद्धा शोधता येते. यात आपलं काम एकच, अपडेट वेळेवर टाकणं. जुनी मुक्त आवृत्ती तशीच ठेवली तर ती पण विंडोज १० इतकीच धोक्याची.

बनवणाऱ्याने सोडून दिलं तर? बिघडलं तर फोन कुणाला?

पहिल्याचं उत्तर लिब्रेऑफिसच्याच जन्मात आहे. ओपनऑफिस सन कंपनीकडे होतं, २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन विकत घेतली, काम करणाऱ्या लोकांना पुढचं चित्र आवडलं नाही, त्यांनी तोच कोड घेऊन वेगळी संस्था काढली. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही वाट नसते, कंपनी बंद तर सॉफ्टवेअर बंद.

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. कंपनीचा टोल फ्री नंबर नसतो. तेव्हा गावात, तालुक्याला कोण सांभाळून देतो ते आधी शोधा आणि त्याला त्याचे पैसे द्या. लायसन्सचे वाचलेले पैसे थोडे तरी इथे खर्च व्हायलाच हवेत. असा माणूसच मिळत नसेल तर ते सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, तुमच्यासाठी सध्या नको.

स्टाफला जमणार नाही ही तक्रार मी फारशी मानत नाही. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं आणि शिक्षक लिनक्सवरच शिकतायत. पण जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने हजारो पीसी लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं, तेव्हा सगळीकडे आपोआप जमतं असंही नाही. स्टाफला आधी विचारा, रोज कुठली दहा कामं करता ते लिहून घ्या, आणि ती दहा कामं नवीन सॉफ्टवेअरवर त्यांनाच करून दाखवायला सांगा.

मग विंडोज काढायचं का?

ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस आहे ते जुनं मशीन लिनक्स मिंटवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, मजेत चालतं. काही मिटवायची गरज नाही, पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून बघता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. त्या पेनड्राइव्हवर चालू असतानाच सगळं जोडून बघा: बिलाचा थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, स्कॅनर, वायफाय. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लावून पोर्टलवर सही होते का तेही बघा, कारण टोकनच्या ड्रायव्हरवरच बरेच लोक अडकतात. वजनकाट्याला जोडलेलं किंवा एखाद्या यंत्राबरोबर आलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फक्त विंडोजचं असतं, आणि टॅलीप्राइम पण विंडोजसाठीच आहे. अशी कामं असलेलं एक मशीन विंडोज ११ चं ठेवा आणि बाकीची मिंटवर न्या.

आणि वेळ बघून करा. मार्च एंडला तर अजिबात नको, दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जेव्हा जीएसटीची रिटर्न भरायची असतात, तेव्हाही नको. एप्रिलचा शेवटचा आठवडा बरा असतो, नवीन वर्षाची बिलं नुकतीच सुरू झालेली असतात. जुनं मशीन तसंच्या तसं बाजूला ठेवा, बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरंच उघडतो का ते बघा, आणि पहिली दोन्ही रिटर्न नवीन मशीनवरून भरून होईपर्यंत जुन्याला हात लावू नका.